भिवंडीत मासे खाल्लेले चार दिवस

ताईचा नवरा एका सकाळी बंदरावर मासळी आणायला म्हणून घराबाहेर पडला आणि परत आला नाही. मी सांगतोय त्या दिवाळीपर्यंत या गोष्टीला चार वर्षं होत आली होती. ती दिवाळी दोन हजार तीन-चार सालची असेल. मी नुकताच प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो.

रत्नागिरीकडच्या आमच्या तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या मागे, भावजींची खानावळ होती. सहा बाकं आणि मागे स्वयंपाकाची पडवी, एवढाच पसारा. रांधायचे ते स्वतः, ताई भाकऱ्या थापायची. डी.एड.ची दोन्ही वर्षं मी त्यांच्याच घरी राहून काढली आणि दोन्ही वेळा त्यांच्याच हातचं जेवलो. त्यांचा स्वभाव गप्प होता. एखाद्याला काय हवं-नको ते विचारायचे नाहीत, ताटाकडे बघूनच ओळखायचे. परीक्षेच्या दिवसांत मी जागत बसलो की न बोलता उशाशी पेजेचा वाडगा ठेवून जायचे.

त्यांच्या बांगड्याच्या कालवणासाठी ड्रायव्हर-कंडक्टर जेवणाची वेळ जुळवून गाड्या थांबवायचे. आमच्याकडे कालवणात कोकमाची सोलं घालतात. भावजी आंबोशी घालायचे, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कैरीच्या फोडी. तिरफळं मात्र सगळ्यात शेवटी, जराशी ठेचून टाकायचे, लगेच झाकण ठेवायचे आणि आच बंद. ही त्यांच्या आईची पद्धत. तालुक्यात दुसरं कोणी असं करत नव्हतं.

ते गेले तेव्हा पहिले आठ दिवस आम्ही किनाऱ्यावर शोधलं. समुद्राने नेलं असेल असंच सगळ्यांना वाटलं. मग गावातल्या एकाने त्यांना दादरला फुलबाजाराजवळ बघितल्याचं सांगितलं. हाक मारली तर वळले आणि गर्दीत शिरले म्हणे. त्या दिवसापासून ताईचं सगळंच अवघड झालं. ती विधवा नव्हती आणि नवरा घरात नव्हता. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या, पण कुंकू लावताना क्षणभर एकमेकींकडे बघायच्या. पदरात सात वर्षांची मुलगी आणि घरात सासू. खानावळ बंद पडली. ताई लोकांच्या घरी भाकऱ्या करून द्यायला लागली.

त्या वर्षी गणपतीला वाडीतला एक ट्रक ड्रायव्हर गावी आला होता. तो बोलता बोलता म्हणाला, "भिवंडीजवळ मानकोलीला गोडाउनात माल उतरवत होतो. तिथल्या वॉचमनने डबा उघडला, म्हणाला, घे थोडं. बांगड्याचं कालवण होतं. पहिला घास खाल्ला नि मला आपला स्टँडच आठवला. आंबोशी होती त्यात. तिरफळं पण."

डबा कुठून आला होता, ते त्याला ठाऊक नव्हतं. भिवंडीतून, एवढंच वॉचमन म्हणाला होता.

भावजींची आई पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली होती. तिने हे ऐकलं आणि ताईच्या मागेच लागली. "तोच असेल गो. जा, बघून ये. मला नुसतं सांग, आहे म्हणून."

ताईला जायचं नव्हतं. "चार वर्षांत एक चिठ्ठी नाही," ती मला म्हणाली. "मी कोणत्या तोंडाने शोधत फिरू?" पण म्हातारीने जेवण टाकलं. मग दिवाळीची सुट्टी लागल्यावर भाचीला आमच्या आईकडे आणि म्हातारीला शेजारणीच्या भरवशावर ठेवून मी आणि ताई निघालो. गावात सांगितलं की भिवंडीला काकांकडे चाललोय, शहर बघायला.

ते काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. भिवंडीतल्या नारपोलीत लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे जॉबर होते. त्यांच्या दोन खोल्यांच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना होता. भिंतीला हात लावला तर हाताला मुंग्या येत. बोलताना जरा ओरडावं लागे, आणि लाइट गेली की एकदम इतकं सामसूम व्हायचं की ताई दचकायची. ताटाच्या कडेला, पाण्याच्या भांड्यावर, केसांवर कापसाचं तूस येऊन बसे.

"भिवंडी बघायला आलात?" काका म्हणाले. "बघण्यासारखं काय आहे इथे? लूम बघा."

मी म्हणालो, "जुनं बंदर होतं ना इथे. कल्याण-भिवंडी घेतल्यावर महाराजांनी आरमाराचं काम सुरू केलं, असं मी चौथीच्या मुलांना शिकवतो."

"मग जाऊन बघ ते बंदर," काका म्हणाले. "नाकाला रुमाल लावून जा."

पहिल्या दिवशी आम्ही मानकोलीला गेलो. हायवेच्या कडेने शेतं भरून गोडाउनं उभी राहत होती. काही पूर्ण झालेली, काहींचे नुसते लोखंडी सांगाडे. ड्रायव्हरने सांगितलेलं गोडाउन सापडलं, पण वॉचमन बदलला होता. नवा हिंदीत म्हणाला की आधीचा गावाला गेला, आणि डब्याचं म्हणाल तर इथे जो तो आपापला आणतो. ताईने त्याला विचारलं, आधीचा कुठे राहायचा. त्याने शहराच्या दिशेला हात केला. ती दिशा म्हणजे निम्मी भिवंडी होती.

दुपार झाली होती, म्हणून तिथल्याच एका ढाब्यावर 'फिश थाळी' मागवली. लाल रंगात माखलेला सुरमईचा तुकडा आला. ताईने एक घास खाल्ला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "महिनाभर बर्फात होता हा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरातल्या खानावळी धरल्या. मी रिक्षावाल्यांना, पानवाल्यांना विचारायचो, "इथे चांगले मासे कुठे मिळतात?" लोक उत्साहाने सांगत. प्रत्येकाला आपली जागा सगळ्यात चांगली वाटत होती. त्या एका दिवसात आम्ही चार ठिकाणी जेवलो. एके ठिकाणी 'फॅमिली रूम'मध्ये पडदा ओढून बसवलं आणि काजूच्या गोड रश्शात पापलेट आणून दिलं. एके ठिकाणी दारावर 'मालवणी' अशी पाटी होती. ती वाचून ताईने पदर नीट केला, केस मागे सारले. आत गेलो. बांगडा आला तो शिळा होता, आणि रश्शाला कोकमाचा वास होता. ताईने तरी तीन-चार घास खाल्ले, जणू खालपर्यंत गेलं की दुसरी चव लागेल. वेटरने विचारलं, "ताई, टेस्ट बरोबर नाही का?" ती म्हणाली, "चांगली आहे." बाहेर आल्यावर गटाराच्या कडेला उभी राहून तिने सगळं ओकून टाकलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि येणारे-जाणारे बघत होते.

परतताना आम्ही नदीच्या पुलावर थांबलो. खाली पाणी काळं, कडेला कपडे रंगवण्याच्या कारखान्यांतून आलेला जांभळा फेस. इथपर्यंत एकेकाळी भरतीला गलबतं येत असतील, हे मला खरं वाटेना. ताई म्हणाली, "असल्या गावात ते राहिले असतील? त्यांना समुद्र दिसल्याशिवाय झोप यायची नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "असं मला वाटायचं."

तिसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्याने आम्हाला जवळच्या शेलार गावात नेलं. तिथे एक आगरी बाई आपल्या घराच्या ओटीवर लोकांना जेवू घालत होती. वयाने साठीच्या पुढची असेल. तिने खाडीतल्या निवट्यांचं कालवण, चिंबोऱ्या आणि तांदळाची गरम भाकरी वाढली. भिवंडीत आम्ही जेवलो त्यातलं ते पहिलं खरं जेवण होतं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. ताईने अर्धीसुद्धा नाही.

"बांगडा नाही का करत?" ताईने विचारलं.

"बांगडा दर्याचा. आमच्याकडं खाडीचा मासा," बाई म्हणाली. "आता खाडीत बी काय रायलं न्हाय. ह्ये निवटे लई लांबून आनलेत." मग ती ताईच्या समोर बसली. "तू जेवाला न्हाय आलीस, बाय. कुनाला शोधतेस?"

ताईने तोपर्यंत कोणाला काही सांगितलं नव्हतं, काका-काकूंनाही नाही. त्या अनोळखी बाईला तिने सगळं सांगितलं. सांगताना रडली नाही. बाईने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "आनि गावला तर काय करशील?"

ताई हात धुवायला उठली. रिक्षात बसल्यावर मात्र ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "एकदा नीट बघीन. म्हणजे सासूबाईंना सांगता येईल. मला काही विचारायचं नाही त्यांना." आणि लगेच, "विचारीन. एवढंच विचारीन, माझं काय चुकलं." मग पदराने तोंड झाकून नारपोली येईपर्यंत रडत राहिली. रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे फिरवला.

त्या संध्याकाळी काकू रागावली. "तीन दिवस झाले, बाहेर खाऊन येताय. माझ्या हातचं घशाखाली उतरत नाही का तुमच्या?" तेव्हा ताईने तिलाही सांगितलं. काकूचा राग ओसरला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बंदराकडच्या जुन्या मोहल्ल्यात एक कोकणी मुसलमान म्हातारी आहे. घरातच खानावळ चालवते. पाटीबिटी काही नाही. लूमवाले शेठ तिच्याकडून डबे मागवतात, गोडाउनांवर पण जातात म्हणे. तिच्याकडचा मासा चांगला असतो असं ऐकलंय."

चौथ्या दिवशी सकाळी ताईने साडी दोनदा बदलली. निघताना म्हणाली, "आज नाही मिळाले तर उद्या घरी जाऊ. माझ्याने आता मासे खाववत नाहीत."

मोहल्ल्यात जुनी लाकडी घरं होती, खांबांवर नक्षी, वर सज्जे. काहींना टेकू दिले होते. विचारत विचारत पोचलो. पुढच्या खोलीत चार टेबलं आणि दाराशी खुर्चीत बसलेली ती म्हातारी, पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली. बाकी जेवणारे सगळे पुरुष, म्हणून तिने ताईला स्वतःजवळच्या टेबलावर बसवलं. "बस बाय. बांगडा खाशील ना? आज ताजा आलाय."

ताई हो म्हणाली. मी हात धुवायला मागे गेलो.

मागे एक बोळ होता, बोळात नळ, आणि नळाच्या पुढे स्वयंपाकघराचं उघडं दार. मी नळ सोडला आणि आत बघितलं. भावजी चुलीसमोर उभे होते.

केस बरेच गेले होते, दाढी पांढरी झाली होती. लुंगी नेसलेली. पण खांदे तेच, जरासे एका बाजूला कललेले. पाण्याचा आवाज ऐकून ते वळले. त्यांनी मला लगेच ओळखलं. पळी पातेल्यावर आडवी ठेवली, हात लुंगीला पुसले आणि माझ्या मागे, पुढच्या खोलीच्या दिशेने बघितलं. विचारलं काहीच नाही, पण मला कळलं. मी मान हलवली, हो, आली आहे.

त्यांनी डोळे मिटले. मग दोन्ही हात जोडले. आल्यागेल्याला नमस्कार करतात तसे नव्हेत. छातीशी घट्ट धरून, मान खाली घालून, सरकारी कचेरीत एखादा गरीब माणूस साहेबापुढे उभा राहतो तसे.

मी काय करायला हवं होतं, हे मला त्या वेळीही माहीत होतं. ओरडायला हवं होतं. आत शिरून त्यांचा हात धरायला हवा होता. मी त्यांच्यापेक्षा तरुण होतो, ताकदीचाही होतो. पण ज्यांच्या हातचं दोन वर्षं खाल्लं त्यांना असं हात जोडलेलं मी बघू शकलो नाही. मी नळ बंद केला आणि परत येऊन ताईसमोर बसलो.

"किती वेळ लावलास," ती म्हणाली.

"पाणी बारीक येतंय," मी म्हणालो.

ताटं यायला पाच-सात मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ माझ्याकडे होता. त्या वेळात मी ताईला काय सांगितलं, तर ते घर किती जुनं असेल, हे लाकूड जहाजातून कसं आलं असेल, खांबांवरची नक्षी कशी आहे. ती हं, हं म्हणत होती. वाढणाऱ्या बाईने ताटं आणून ठेवली. वास आला तेव्हाच ताईचा चेहरा बदलला. तिने भाताला कालवण लावून पहिला घास तोंडात घातला आणि तसाच धरून ठेवला. मग गिळला. दुसरा घास घेतला.

"हे त्यांचंच आहे," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

तिने म्हातारीकडे वळून विचारलं, "कालवण कोण करतं?"

"आमचा भटारी. दोन वर्सां झाली त्याला. तुमच्या कोकनातलाच हाय. बोलवू?"

म्हातारी उठून आत गेली. तिने दोनदा हाक मारल्याचं आम्हाला ऐकू आलं. मग ती बोळात येऊन म्हणाली, "आत्ता तर हितंच व्हता."

ताई उष्ट्या हातानेच आत धावली. मागचं दार सताड उघडं होतं. पलीकडे अरुंद गल्ली खाली खाडीकडे उतरत गेलेली. मी गल्लीत पळालो. खरं सांगायचं तर पळाल्यासारखं केलं. वळणापर्यंत गेलो. पुढे तीन वाटा फुटत होत्या, एका वाटेवर सुताच्या गठ्ठ्यांची हातगाडी आडवी होती. मी तिथेच उभा राहिलो, शंभरपर्यंत आकडे मोजले आणि परत आलो.

ताई स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती. खिळ्याला त्यांचा शर्ट टांगलेला होता. कोपऱ्यात वळकटी, तिच्यावर कंगवा. चुलीवर दुसरं मोठं पातेलं खदखदत होतं आणि शेजारी वाटीत तिरफळं ठेचून ठेवलेली होती, घालायची राहिलेली.

म्हातारी दारात आली. तिने ताईकडे बघितलं, गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बघितलं. "तू कोन त्याची?"

"बायको."

म्हातारीने दाराची चौकट धरली. "त्याची बायको वारली म्हनून सांगत व्हता."

"कधी वारली म्हणाले?"

"हितं आला, त्याच्या आदी."

"कशाने?" ताईने विचारलं.

"तापानं," म्हातारी म्हणाली आणि खाली बघायला लागली.

पातेल्यातलं कालवण वर येऊन उतू जायला लागलं होतं. ताईने हात धुतले, पदर खोचला, आच कमी केली. वाटीतली तिरफळं त्यात टाकली, वर झाकण ठेवलं आणि आच बंद केली. मग म्हातारीला विचारलं, "डबे किती भरायचे आहेत?"

"अकरा," म्हातारी म्हणाली. "ऱ्हाऊ दे बाय, तू कशाला."

"लोक खोळंबतील," ताई म्हणाली.

तिने अकराच्या अकरा डबे भरले. भात, कालवण, एकेक तळलेला तुकडा. प्रत्येक डबा फडक्याने पुसून कडी लावली. मी बोळात उभा राहून बघत होतो. म्हातारी स्टुलावर बसून ओढणीने डोळे पुसत होती. डबे गेल्यावर ताईने तो खिळ्याचा शर्ट काढला, नाकाशी नेला, आणि परत खिळ्याला लावला.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिथे बसलो. ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. म्हातारीने दारातच मान हलवली. तिने खानावळ उघडली नव्हती. "माजा बी हात गेला, बाय," ती म्हणाली. "असा मानूस मला परत कुठं मिळतोय." तिच्या बोलण्यात राग होता. तो आमच्यावर होता की त्यांच्यावर, हे मला समजलं नाही. जाताना तिने ताईला जवळ घेतलं आणि कानात काहीतरी म्हणाली. काय, ते ताईने कधी सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसली. महाड मागे पडल्यावर ती म्हणाली, "तू लवकर पोचला असतास तर धरलं असतंस त्यांना."

"हो," मी म्हणालो.

"नशीब," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. ते डोकं तिथे होतं तेवढा वेळ मी हललो नाही. माझा खांदा बधिर झाला. मला वाटत होतं की आत्ता उठवून सांगावं. चिपळूण आलं, गेलं. सांगितलं नाही. त्यानंतर दर वर्षी सांगणं आणखी कठीण होत गेलं.

घरी पोचलो तेव्हा भावजींची आई जागी होती. ताई तिच्या उशाशी बसली.

"दिसला?" तिने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "ते तिथे नव्हते. दुसराच कोणी होता."

"मग चार दिवस काय केलंत गो?"

"मासे खाल्ले," ताई म्हणाली, आणि ढाब्यावरची सुरमई, गोड रश्शातलं पापलेट, शेलारच्या बाईचे निवटे, सगळं तिला सविस्तर सांगत बसली. म्हातारीने डोळे मिटून ऐकलं. चांगलं कुठलं होतं, असं तिने विचारलं तेव्हा ताई म्हणाली, शेलारचं. म्हातारी फाल्गुनात गेली. अग्नी मी दिला, कारण दुसरं कोणी नव्हतं.

खानावळ पुन्हा सुरू कर, असं ताईला पुष्कळांनी सुचवलं. तिने शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायचं काम धरलं आणि त्यावरच मुलीला वाढवलं. घरात मासे येतात, भाची करते. ताई खाते, पण रांधत नाही. एकदा त्या वाडीतल्या ड्रायव्हरने सांगितलं की बंदराकडची ती म्हातारी वारली आणि घर पाडून तिथे लूमचा कारखाना झाला. ताईने ऐकून घेतलं आणि उठून आत गेली.

भावजींचं पुन्हा काहीच कळलं नाही. आम्ही गेलो नसतो तर ते कदाचित तिथेच राहिले असते. अधूनमधून कोणी तो डबा खाल्ला असता, गावी येऊन सांगितलं असतं, आणि ताईला निदान ते कुठे आहेत एवढं माहीत असतं. तेवढंही आम्ही घालवलं. मी घालवलं.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचा मजकूर घेऊन मी प्रेसमध्ये गेलो. छापणाऱ्याने मुलीच्या वडिलांच्या नावावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "याच्या आधी काय लावू? श्री. की कै.?"

मी ताईला फोन केला. ती म्हणाली, "काही लावू नकोस. नुसतं नाव राहू दे."

पत्रिका तशीच छापली. लग्नात कोणी काही विचारलं नाही. कन्यादान मी आणि माझ्या बायकोने केलं. ताई खांबाआड उभी राहून बघत होती.

हे सगळं मी आता लिहून काढतोय. ताई फारसं वाचत नाही, तिचे डोळे अधू झालेत. पण भाची वाचते. ती हे तिला वाचून दाखवील. मग ताईने माझ्याशी बोलणं सोडलं, तर ते बरोबरच होईल.